सेरी ए ते सेरी डी आणि परत: दुधाच्या पैशावर मोठा झालेला, अकरा वर्षांत दोनदा बुडालेला पार्मा

इन्स्टाग्रामवर रेट्रो जर्सी विकणारी पेजेस फॉलो करत असाल, तर एक जर्सी तुमच्या नजरेखालून नक्की गेली असेल. पिवळे-निळे आडवे पट्टे आणि छातीवर 'पार्मालात' असं नाव. नव्वदच्या दशकातल्या फुटबॉलचा विषय निघाला की ही जर्सी येतेच.

ती पार्मा या इटालियन क्लबची. छातीवरचं नाव एका दूध कंपनीचं. आजही लोक ही जर्सी हौसेने घालतात, पण त्या नावामागे युरोपातला सगळ्यात मोठ्या आर्थिक घोटाळ्यांपैकी एक दडलाय, हे घालणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं हा प्रश्नच आहे.

पार्माचा सीझन-बाय-सीझन तक्ता काढून बघितला तर पहिल्यांदा वाटतं की टाइप करताना कुणाची तरी चूक झालीये. १९९६-९७ मध्ये सेरी ए मध्ये दुसरा नंबर. १९९८-९९ मध्ये एकाच महिन्यात दोन ट्रॉफ्या. २०१३-१४ मध्ये सहावा नंबर. २०१४-१५ मध्ये तळाला. आणि २०१५-१६ मध्ये थेट सेरी डी, म्हणजे चौथ्या पातळीवरची हौशी लीग. पुढच्या तीन वर्षांत पुन्हा वर. असं कसं होऊ शकतं?

उत्तर मैदानावर फार कमी सापडतं. हा तक्ता समजून घ्यायचा तर शेजारी मालकाची हिशोबाची वही उघडून ठेवावी लागते.

आधी हे पार्मा आहे कुठे?

उत्तर इटलीत, मिलान आणि बोलोन्याच्या मध्ये. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. जगाला हे शहर माहितीये ते पार्मेझान चीज आणि पार्मा हॅममुळे. क्लब सुरू झाला १९१३ मध्ये, आणि सुरुवातीला त्याचं नाव होतं व्हेर्दी फुटबॉल क्लब. याच भागात जन्मलेल्या ज्युसेप्पे व्हेर्दी या संगीतकाराच्या जन्माला तेव्हा शंभर वर्षं होत होती म्हणून. त्याच वर्षाच्या शेवटी नाव बदलून पार्मा झालं.

पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं या क्लबने काय केलं? खरं सांगायचं तर फार काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवर वर-खाली. एकदाही सेरी ए नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. १९८५ ते १९८७ या काळात अरीगो साक्की नावाचा, स्वतः कधीही व्यावसायिक फुटबॉल न खेळलेला माणूस इथे कोच होता. त्याने पार्माला सेरी बी मध्ये आणलं आणि कपच्या मॅचमध्ये एसी मिलानला हरवलं. मिलानचे मालक सिल्व्हिओ बर्लुस्कोनी त्यावर इतके खूश झाले की साक्कीला उचलून मिलानला घेऊन गेले. पुढे त्याने तिथे युरोप जिंकला. पार्मा होतं तिथेच राहिलं.

मग दूधवाला आला

कॅलिस्तो तान्झी हा पार्माजवळच्या कोलेक्कियो गावचा. वडील गेल्यावर कॉलेज सोडलं आणि १९६१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, दूध पाश्चराइझ करण्याचा छोटा प्लांट टाकला. स्वीडनहून आलेलं टेट्रा पॅकचं तंत्र त्याने लवकर ओळखलं. फ्रिजशिवाय महिनोन्महिने टिकणारं दूध विकायला सुरुवात केली. पार्मा अधिक लात्ते, म्हणजे इटालियनमध्ये दूध, असं जोडून कंपनीचं नाव झालं पार्मालात.

तान्झीला एक गोष्ट पक्की कळली होती: दुधाची जाहिरात खेळातून करायची. आधी स्कीइंग, मग फॉर्म्युला वन. निकी लाउडाच्या लाल टोपीवर पार्मालातचं नाव असायचं. १९८७ पासून ते पार्माच्या शर्टवर आलं. १९९० मध्ये क्लबचे अध्यक्ष एर्नेस्तो चेरेझिनी वारले आणि पार्मालातने क्लबच ताब्यात घेतला.

टायमिंग बघा. त्याच वर्षी नेव्हिओ स्काला या कोचने पार्माला पहिल्यांदा सेरी ए मध्ये नेलं, आणि त्याच वर्षी पार्मालात मिलानच्या शेअर बाजारात लिस्ट झाली. क्लब आणि कंपनी दोघंही एकाच वेळी मोठ्या मैदानात उतरले.

१९९०-९१ हा पार्माचा सेरी ए मधला पहिला सीझन. नवखी टीम पहिल्या वर्षी वाचली तरी खूप, असं सगळीकडे मानतात. पार्मा थेट युएफा कपसाठी पात्र ठरला आणि युव्हेंटस त्याच्या खाली राहिला. गोलमध्ये ब्राझीलचा टाफारेल, पुढे स्वीडनचा टोमास ब्रोलिन.

पुढचे सीझन भराभर सांगतो, कारण इथे थांबलं तर लेख संपायचा नाही.

१९९१-९२: कोपा इटालिया. फायनलमध्ये युव्हेंटसला हरवून क्लबची पहिली मोठी ट्रॉफी.

१९९२-९३: लीगमध्ये तिसरा नंबर आणि १२ मे १९९३ ला वेम्ब्लीवर बेल्जियमच्या अँटवर्पला ३-१ ने हरवून युरोपियन कप विनर्स कप.

१९९३-९४: युरोपियन सुपर कप. घरी मिलानकडून ०-१ हरले आणि मग मिलानच्याच मैदानावर एक्स्ट्रा टाइममध्ये २-० जिंकले. कप विनर्स कपची फायनल पुन्हा गाठली, पण आर्सेनलने १-० ने हरवलं.

१९९४-९५ हा सीझन म्हणजे पार्मा विरुद्ध युव्हेंटस अशी वेब सिरीज. लीग युव्हेंटसने घेतली. कोपा इटालियाच्या फायनलमध्येही युव्हेंटसने पार्माला हरवलं. युएफा कपच्या फायनलला पुन्हा हेच दोघे समोरासमोर, आणि तिथे मात्र पार्मा. पहिली मॅच १-०, दुसरी १-१. पार्माचे दोन्ही गोल दिनो बाज्जोचे, आणि हा दिनो बाज्जो पार्मात आला होता युव्हेंटसकडूनच.

नोव्हेंबर १९९५ मध्ये सतरा वर्षांचा एक गोलकीपर मिलानविरुद्ध पहिली मॅच खेळला. समोर जॉर्ज वेया आणि रोबेर्तो बाज्जो. स्कोअर ०-०. पोराचं नाव जानलुइजी बुफॉन. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

ट्रॉफ्या खऱ्या, पैसा?

१९९६-९७ ला कार्लो अँचेलोट्टी कोच होऊन आला. (हो, तोच, रेआल माद्रिदवाला. १९९७ च्या उन्हाळ्यात रोबेर्तो बाज्जोला घ्यायची संधी त्याने सोडली आणि पुढे स्वतःच कबूल केलं की ती चूक होती.) पार्मा त्या सीझनमध्ये लीग जिंकण्यापासून फक्त दोन पॉइंट लांब राहिला. युव्हेंटस ६५, पार्मा ६३. त्या दिवसापासून आजपर्यंत पार्मा लीगच्या इतक्या जवळ कधीच गेला नाही.

मग आला १९९८-९९. कोच अल्बर्टो मालेसानी. टीम बघा: गोलमध्ये बुफॉन, डिफेन्समध्ये थुराम आणि कानावारो, मध्ये व्हेरॉन, पुढे क्रेस्पो आणि किएझा. यातल्या बुफॉन आणि कानावारोने पुढे २००६ चा वर्ल्ड कप उचलला, थुराम तर तेव्हाच वर्ल्ड चॅम्पियन होता. मे महिन्यात फिओरेन्तिनाला हरवून कोपा इटालिया आणि १२ मे १९९९ ला मॉस्कोत मार्सेला ३-० ने धुऊन युएफा कप. वेम्ब्लीची फायनल झाली होती त्याच तारखेला, बरोबर सहा वर्षांनी.

दोन लाखांच्या शहराच्या क्लबकडे अशी टीम कशी? तिकिटांतून? शक्य नाही. एन्नियो तार्दिनी हे त्यांचं स्टेडियम आजही फार मोठं नाही. टीव्हीचा पैसा होता, पण तो युव्हेंटस, मिलान आणि इंटरकडे कितीतरी जास्त होता. पैसा दुधातून येत होता. किमान सगळे तसंच समजत होते.

पण या वेळेपासून तक्त्यात एक वेगळी खूण दिसायला लागते. ट्रॉफी आली की त्याच उन्हाळ्यात कुणीतरी विकला जातो. १९९९ ला व्हेरॉन लाझिओला. २००० ला क्रेस्पो पण लाझिओला, तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीत. २००१ ला बुफॉन आणि थुराम दोघेही युव्हेंटसला. बुफॉनची किंमत पन्नास दशलक्ष युरोंच्या वर होती आणि गोलकीपरसाठीचा तो विक्रम २०१८ पर्यंत टिकला. २००२ ला कानावारो इंटरला. फॅन्सनी याला व्यवहार म्हटलं. क्लबला रोख पैशाची इतकी घाई का आहे, असं तेव्हा फार कुणी विचारलं नाही.

२००१-०२ मध्ये अर्धी टीम विकल्यावरही पार्माने कोपा इटालिया जिंकला, पुन्हा युव्हेंटसलाच हरवून. लीगमध्ये नंबर मात्र दहावा. १९९२ ते २००२ अशा दहा वर्षांत आठ मोठ्या ट्रॉफ्या झाल्या. ही आठवी. नववी अजून आलेली नाही.

स्कॅनर, फॅक्स आणि ३.९५ अब्ज युरो

डिसेंबर २००३. पार्मालातला १५ कोटी युरोंचे रोखे फेडायचे होते. कंपनी म्हणत होती आमच्याकडे अब्जावधींची रोकड पडलीये. पण मग हे १५ कोटी द्यायला इतकी ओढाताण का?

कंपनीचं म्हणणं असं की केमन आयलंड्समधल्या बोनलात नावाच्या आमच्या उपकंपनीचे ३.९५ अब्ज युरो बँक ऑफ अमेरिकेत आहेत. ऑडिटर्सकडे तसं बँकेचं पत्रही होतं. १९ डिसेंबरला बँकेने जाहीर केलं की असं खातंच आमच्याकडे नाही आणि ते पत्र बनावट आहे.

पुढे तपासात कळलं की हे पत्र कंपनीच्या ऑफिसात बसून बनवलं होतं. बँकेचा लोगो स्कॅन केला, कागदावर चिकटवला, आणि फॅक्स मशीनमधून फिरवला म्हणजे तो खरा वाटेल. बस. अब्जावधींचा घोटाळा उभा होता तो असल्या उद्योगावर.

आपल्याकडे २००९ मध्ये सत्यमचं प्रकरण झालं, तेव्हा रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं होतं की कागदावर दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नाही. पार्मालात म्हणजे साधारण तोच प्रकार, सत्यमच्या पाच वर्षं आधी आणि कितीतरी मोठा. एकूण खड्डा सुमारे १४ अब्ज युरोंचा निघाला. तीस देशांत पसरलेली, जवळपास ३६ हजार लोकांना नोकरी देणारी कंपनी दिवाळखोर झाली. एक लाखाहून जास्त सामान्य इटालियन लोकांनी, त्यात पेन्शनवर जगणारे म्हातारेही, आयुष्याची बचत तिच्या रोख्यांत घातली होती. तान्झीला २७ डिसेंबरला अटक झाली. पुढे शिक्षा झाली. मध्ये २००९ मध्ये पोलिसांना त्याची लपवून ठेवलेली चित्रं सापडली, त्यात पिकासो आणि व्हॅन गॉगची चित्रं होती. १ जानेवारी २०२२ ला तो वारला.

(पार्मालात ब्रँड मात्र जिवंत आहे. २०११ मध्ये तो फ्रान्सच्या लॅक्टॅलिस या डेअरी ग्रुपने घेतला. याच ग्रुपने २०१९ मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दूध व्यवसाय विकत घेतला. म्हणजे नगर जिल्ह्यातलं प्रभात आणि बुफॉनच्या शर्टवरचं पार्मालात आज एकाच घरातले.)

कंपनी गेली, मग क्लबचं काय? क्लबचा अध्यक्ष तान्झीचा मुलगा स्तेफानो होता. तो बाजूला झाला आणि क्लब सरकारनियुक्त प्रशासकाच्या हातात गेला. २००४ मध्ये जुनी संस्था बाजूला ठेवून नव्या नावाने क्लब सेरी ए मध्येच सुरू ठेवला गेला. आणि गंमत म्हणजे ज्या २००३-०४ मध्ये मालक तुरुंगात गेला, त्याच सीझनमध्ये कोच प्रांदेल्ली आणि २३ गोल मारणारा जिलार्दिनो यांच्या जोरावर पार्मा पाचवा आला.

पुढचा २००४-०५ तर याहून विचित्र. पैसे नाहीत, चांगले खेळाडू विकले गेलेत, आणि टीम दोन ठिकाणी खेळतेय: युरोपात युएफा कपची सेमीफायनल, घरात सेरी ए मधून बाहेर पडू नये म्हणून बोलोन्याविरुद्ध प्लेऑफ. सेमीफायनल सीएसकेए मॉस्कोकडून हरले. प्लेऑफमध्ये घरी ०-१ हरले आणि बोलोन्यात जाऊन २-० जिंकून वाचले.

दुसरा मालक, दुसरी वही

जानेवारी २००७ मध्ये तोमासो गिरार्दी हा तरुण उद्योजक आला. २००८ ला पार्मा शेवटच्या दिवशी इंटरकडून हरून सेरी बी मध्ये घसरला. इब्राहिमोविचने दोन गोल मारले, इंटर चॅम्पियन झाला, पार्मा खाली. पण एका वर्षात परत वर आला. मग पाच सीझन बऱ्यापैकी: आठवा, बारावा, आठवा, दहावा, आणि २०१३-१४ मध्ये दोनादोनीच्या हाताखाली सहावा. सहावा म्हणजे युरोपा लीग. शहरात जल्लोष.

आणि मग पार्माला युरोपात खेळायचं लायसन्सच नाकारलं गेलं. कारण? खेळाडूंना दिलेल्या काही रकमांवरचा सुमारे तीन लाख युरोंचा इन्कम टॅक्स वेळेत भरला नव्हता. त्यांची जागा तोरिनोला गेली.

सेरी ए च्या क्लबसाठी तीन लाख युरो म्हणजे काय? एखाद्या साध्या खेळाडूचा काही महिन्यांचा पगार. तेवढे वेळेत भरले गेले नाहीत, म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय हे तेव्हाच कळायला हवं होतं.

इथे जरा थांबून फुटबॉलच्या हिशोबातली एक ट्रिक समजून घेऊ, कारण ती कळली की बऱ्याच क्लबांच्या बातम्या कळतात. समजा क्लबने एक खेळाडू १०० रुपयांना पाच वर्षांसाठी घेतला. वहीत हा खर्च एकदम दिसत नाही, दरवर्षी २० असा दिसतो. पण खेळाडू विकला तर त्याची वहीतली उरलेली किंमत वजा करून जो नफा होतो, तो सगळा त्याच वर्षी दिसतो. इटलीत याला प्लुसव्हालेंझा म्हणतात. आता दोन क्लबांनी ठरवलं की तुझा एक पोरगा मी ५० ला घेतो, माझा एक पोरगा तू ५० ला घे. खिशातून एक रुपया गेला नाही. पण दोन्ही वह्यांत यंदाचा नफा छान दिसतो आणि खर्च पुढच्या पाच वर्षांवर ढकलला जातो. मग पुढच्या वर्षी तो खर्च झाकायला आणखी असे सौदे लागतात.

गिरार्दीच्या काळात पार्माच्या नावावर दोनशेहून जास्त खेळाडू होते. एका वेळी मैदानावर अकरा खेळतात. बाकीचे इटलीभर आणि बाहेरही लोनवर फिरत होते. वहीला खेळाडू लागत होते, टीमला नाही.

२०१४-१५: गरम पाणी बंद

हा सीझन सविस्तर सांगायलाच हवा.

लायसन्स गेल्यावर गिरार्दीने क्लब विकायला काढला. डिसेंबर २०१४ मध्ये तो नव्या मालकांकडे गेला. त्यांनी फेब्रुवारीत तो पुढे विकला. किंमत १ युरो. हो, एक. घेणारा जाम्पिएत्रो मानेंती नावाचा माणूस. तो रोज पत्रकारांना सांगायचा की पैसे येतायत, ट्रान्सफर झालेत, बँकेत अडकलेत. आले कधीच नाहीत. १८ मार्च २०१५ ला मनी लॉन्डरिंगच्या एका तपासात त्याला अटक झाली. दुसऱ्या दिवशी कोर्टाने क्लब दिवाळखोर जाहीर केला. कर्ज २१८ दशलक्ष युरो.

दरम्यान खेळाडूंना त्या सीझनचा पगार मिळालाच नव्हता. अंतोनिओ कास्सानो जानेवारीत सोडून गेला. ट्रेनिंग सेंटरमध्ये गरम पाणी नाही, किट धुण्याचे वांधे, जप्तीवाले येऊन सामान उचलून नेतायत. २२ फेब्रुवारीची उदिनेसेविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली, कारण स्टेडियमच्या सुरक्षेला द्यायला पैसे नव्हते. शेवटी सीझन पूर्ण व्हावा म्हणून सेरी ए च्या बाकीच्या क्लबांनी मिळून पैसे काढले.

आणि अशा टीमने ११ एप्रिलला युव्हेंटसला हरवलं. १-० ने, होसे माउरीचा गोल. तो युव्हेंटस त्या वर्षी लीग जिंकला आणि चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला. बिनपगारी खेळणाऱ्यांनी त्यांना हरवलं! मला विचाराल तर पार्माच्या सगळ्या इतिहासात, आठ ट्रॉफ्या धरूनही, हीच मॅच सगळ्यात भारी. तक्त्यात तिची कुठे नोंद दिसत नाही. तिथे दिसतं फक्त विसावा नंबर, १९ पॉइंट. पगार थकवल्याबद्दल ७ पॉइंट कापले होते. ते धरले तरी टीम वाचली नसती, पण कापले गेले ते पैसे न मिळालेल्या खेळाडूंनीच कमावलेले पॉइंट होते.

जूनपर्यंत कुणीही क्लब विकत घेतला नाही. ट्रॉफ्यासुद्धा लिलावात निघाल्या.

सेरी डी का, आणि मग वर कसा?

इटलीत क्लब बुडाला की शहराची टीम कायमची संपत नाही. नियमानुसार त्या शहरातली नवी संस्था खालच्या पातळीवरून परत सुरुवात करू शकते. २००२ मध्ये फिओरेन्तिना आणि २००४ मध्ये माराडोनाचा नापोली याच वाटेने गेले होते, पण ते तिसऱ्या-चौथ्या व्यावसायिक लीगमधून सुरू झाले. पार्माला त्याच्याही खाली, हौशी लीगमधून सुरू करावं लागलं.

नवा क्लब झाला पार्मा काल्चो १९१३. या वेळी एकच मोठा मालक नव्हता. पास्तावाले ग्विदो बारिल्ला, बांधकामवाले पाओलो पिझारोत्ती, रेसिंग कार बनवणारे जान पाओलो दाल्लारा असे शहरातले उद्योजक एकत्र आले, आणि एक हिस्सा सामान्य फॅन्सनी शेअर घेऊन उचलला. अध्यक्ष म्हणून बोलावलं नेव्हिओ स्कालाला. कोच लुइजी अपोलोनी, जो स्कालाच्या त्या नव्वदच्या टीमचा डिफेंडर.

जुन्या टीममधला एकच माणूस थांबला. कॅप्टन अलेसांद्रो लुकारेल्ली, वय ३८. त्याला सेरी ए किंवा बी मध्ये कुठेतरी एक-दोन वर्षं सहज मिळाली असती. तो म्हणाला, पार्माला परत सेरी ए मध्ये नेल्याशिवाय थांबणार नाही.

२०१५-१६, सेरी डी: ३८ मॅच, २८ जिंकल्या, १० बरोबरी, एकही हरली नाही. ९४ पॉइंट. छोट्या गावांच्या मैदानांवर मॅच असायच्या आणि मागे हजारो पार्मावाले.

२०१६-१७, लेगा प्रो: हा सीझन सोपा गेला नाही. मध्येच अपोलोनीला काढून रोबेर्तो दाव्हेर्साला आणलं, आणि लीगमध्ये व्हेनेझियाच्या मागे राहावं लागलं. वर गेले ते प्लेऑफमधून, १७ जून २०१७ ला फ्लोरेन्समध्ये अलेसांद्रियाला २-० ने हरवून.

२०१७-१८, सेरी बी: शेवटच्या दिवशी पार्मा स्पेझियात २-० जिंकला. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. फ्रोझिनोने जिंकला असता तर तो वर गेला असता, आणि तो फोज्जाविरुद्ध पुढे होता. शेवटच्या मिनिटांत फोज्जाने २-२ केलं. दोघांचे पॉइंट सारखे, आपसातल्या निकालांवर पार्मा वर.

सलग तीन वर्षांत तीन प्रमोशन. इटलीत सेरी डी पासून सेरी ए पर्यंत असं कुणीच केलं नव्हतं. लुकारेल्ली तेव्हा चाळीसचा होता. वर गेल्यावर त्याने बूट उतरवले. त्याचा ६ नंबरचा शर्ट क्लबने पुन्हा कुणाला दिला नाही.

जल्लोषाला लगेच एक गालबोट पण लागलं. स्पेझियाच्या खेळाडूंना मॅचआधी व्हॉट्सअॅप मेसेज पाठवल्याबद्दल पार्माच्या कालायो या स्ट्रायकरवर कारवाई झाली, आणि क्लबचे नव्या सीझनमधले ५ पॉइंट कापले गेले. अपिलात ते परत मिळाले. कालायोची बंदी वर्षअखेरपर्यंत राहिली.

आणि आता

फॅन्सचा क्लब ही कल्पना ऐकायला छान वाटते. पण सेरी ए चं बजेट तेवढ्यावर चालत नाही, हे पार्माच्या लोकांना लवकर कळलं. सेरी बी मध्ये असतानाच मोठा हिस्सा चिनी गुंतवणूकदाराकडे गेला, तो फार टिकला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या आयोवाचे काइल क्राउस यांच्या ग्रुपने ९० टक्के हिस्सा घेतला.

नव्या मालकाचा पहिलाच सीझन, २०२०-२१: विसावा नंबर, २० पॉइंट, परत सेरी बी. पैसा होता, टीम नव्हती. निदान या वेळी पगार होत होते.

त्या उन्हाळ्यात सेरी बी मधल्या पार्माने एक गोलकीपर घेतला. वय ४३. वीस वर्षांपूर्वी इथूनच विकला गेलेला बुफॉन. त्याला पार्माला वर न्यायचं होतं. पहिल्या वर्षी पार्मा सेरी बी मध्येही बारावा आला. दुसऱ्या वर्षी प्लेऑफमध्ये काल्यारीने अडवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बुफॉन रिटायर झाला आणि नेमका त्याच सीझनमध्ये, २०२३-२४ ला, फाबिओ पेक्कियाच्या पार्माने सेरी बी जिंकली.

२०२४-२५ मध्ये सेरी ए मध्ये पुन्हा तोच शेवटच्या दिवसाचा खेळ. फेब्रुवारीत पेक्कियाला काढून क्रिस्तियान किवूला आणलं होतं. किवू याआधी कुठल्याच सीनियर टीमचा कोच नव्हता. शेवटच्या मॅचला बेर्गामोत अटलांटाविरुद्ध पार्मा ०-२ ने मागे. तिथून ३-२ जिंकले आणि सोळाव्या नंबरावर वाचले. काही दिवसांतच किवूला इंटरने नेलं, साक्कीला मिलानने नेलं होतं तसंच. त्याच्या जागी पार्माने आर्सेनलच्या स्टाफमधून कार्लोस कुएस्ता या स्पॅनिश पोराला कोच म्हणून आणलं. तेव्हा त्याचं वय होतं २९, म्हणजे पार्मालात पहिल्यांदा शर्टवर आलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता.